जिन घरचे की भाड्याचे? मोठ्या हिशेबासाठी क्लाउड सेवा घेताना

कापूस वेचून घरी आला म्हणून कोणी शेतकरी अंगणात जिनिंगचे यंत्र बसवीत नाही. आपल्या वऱ्हाडातील अनेक कापूस व्यापारीही ते बसवीत नाहीत. कापूस अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या जिनिंगमध्ये न्यायचा, ठरलेली मजुरी द्यायची, रुई आणि सरकी वेगळी करून घ्यायची, प्रेसमध्ये १७० किलोच्या गाठी बांधून घ्यायच्या आणि माल घेऊन निघायचे, असा हा जॉबवर्कचा व्यवहार आपल्या बापजाद्यांच्या काळापासून चालत आला आहे. यंत्र दुसऱ्याचे, यंत्र चालविणारा फोरमनही दुसऱ्याचा, माल मात्र आपला. संगणकाच्या जगात आज ‘मॅनेज्ड क्लाउड सेवा’ या भारदस्त नावाने जे काही विकले जाते, त्याचा गाभा यापेक्षा वेगळा नाही.

हा विषय या पानावर घेण्याचे कारण असे की, आता या सेवांचे विक्रेते केवळ मुंबई-पुण्याच्या मोठ्या कंपन्यांपुरते राहिलेले नाहीत. जिनिंग-प्रेसिंगचे मालक, धान्याचे ठोक व्यापारी, औषधांचे वितरक यांच्यापर्यंत ते पोचू लागले आहेत. ‘तुमच्याकडे बिग डेटा आहे, तो क्लाउडवर टाका’ असे सांगितले जाते. व्यापाऱ्याला त्यातील निम्मे शब्द कळत नाहीत आणि न कळल्याचे सांगायला संकोच वाटतो. ॲमेझॉनचे ईएमआर चांगले की गूगलचे बिगक्वेरी, की मायक्रोसॉफ्टचे एचडीइनसाइट, या प्रश्नाला विक्रेता एक उत्तर देतो आणि घरातला शिकलेला मुलगा दुसरे देतो. आमच्या मते या सेवांच्या ताकदीत आपल्या कामापुरता फारसा फरक नाही. खरा फरक त्यांचा मीटर कशावर फिरतो आणि आपला माल परत कसा मिळतो, यात आहे. म्हणून तुलना तेथूनच सुरू करावी.

आधी माल मोजा

पण त्याच्याही आधी एक गोष्ट. आपल्याकडे ‘मोठी’ माहिती आहे काय?

समजा, एका ठोक किराणा व्यापाऱ्याकडे रोज २०० बिले फाटतात आणि प्रत्येक बिलात सरासरी १५ जिनसा असतात. म्हणजे दिवसाला ३,००० ओळी. वर्षात ३०० दिवस दुकान चालले तर ९ लाख ओळी झाल्या. एका ओळीला २०० अक्षरांची जागा धरली तरी वर्षाचा सारा हिशेब १८० मेगाबाइटमध्ये बसतो. दहा वर्षांचा हिशेब दोन गिगाबाइटच्या आत, म्हणजे खिशातल्या मोबाइलमध्येही मावेल इतका! मग अडचण कोठे येते? एक्सेलच्या एका पानावर १०,४८,५७६ ओळींपेक्षा अधिक बसत नाहीत. आपल्या या व्यापाऱ्याचे पान चौदाव्या महिन्यात भरते, संगणक अडखळू लागतो आणि नेमक्या त्याच वेळी विक्रेता येऊन सांगतो की, हा बिग डेटा आहे. तो नव्हे. ही केवळ एक्सेलची मर्यादा आहे. पोस्टग्रेस, एसक्यूलाइट किंवा डकडीबी यांसारखी फुकट मिळणारी प्रणाली आणि एक बऱ्यापैकी संगणक एवढ्यावर हे काम आरामात होते. जो हे जाणतो त्याचे दरमहाचे बिल वाचले.

गाठींचा हिशेबही असाच. हंगामात २०,००० गाठी बांधणाऱ्या प्रेसकडे लॉट, वजन, ओलावा, धाग्याची लांबी, मायक्रोनेअर अशा सगळ्या नोंदी धरून २०,००० ओळीच होतात. क्लाउडच्या भाषेत हे मूठभर दाणे आहेत.

माहिती खरोखर मोठी होते ती यंत्रे स्वतः नोंदी करू लागतात तेव्हा. एका कारखान्यातील २४ डबल रोलर जिनांवर विजेचा भार मोजणारे सेन्सर बसवले आणि प्रत्येकाने दर सेकंदाला एक नोंद पाठवली, तर अहोरात्र चालणाऱ्या दिवसाच्या २०,७३,६०० नोंदी होतात आणि १२० दिवसांच्या हंगामात २४ कोटींच्या वर जातात. २०१७ मध्ये सुरू झालेल्या महावेध प्रकल्पात महाराष्ट्रात महसूल मंडळनिहाय दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. प्रत्येक केंद्राची दर दहा मिनिटांना एक नोंद धरली तर वर्षाच्या १० कोटींवर नोंदी होतात.

त्याहूनही मोठा पसारा उपग्रहाच्या चित्रांचा आहे. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांचे चित्र साधारण दर पाच दिवसांनी मिळते आणि त्यातील एक ठिपका म्हणजे दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद जमीन. अमरावती आणि अकोला हे दोन जिल्हे मिळून एका चित्रात सतरा कोटींहून अधिक ठिपके होतात. वर्षभराची ७३ चित्रे घेतली तर एकाच रंगपट्ट्याच्या नोंदी १,२०० कोटींच्या पुढे जातात. पावसाळ्यातील बरीच चित्रे ढगांनी वाया जातात, ते सोडा. यंदा तूर किती पेरली, कपाशी कोठे वाळली, हे कोणाला त्या चित्रांतून काढायचे असेल तर त्याचे काम एका संगणकाने रेटणे अवघड होते. त्याला क्लाउड हवेच.

मग हा विषय आपला नव्हे असे समजून पान उलटावे काय? नाही. इतिहासाकडे पाहा. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते खामगावचा रेल्वे फाटा खुला झाला आणि त्याच वर्षी मुंबईपासून इंग्लंडपर्यंत समुद्राखालची तार जोडली गेली. खामगावच्या बाजारात बसलेल्या मोठ्या खरेदीदाराच्या हाती लिव्हरपूलचा भाव लवकर पडू लागला आणि बैलगाडीत कापूस घेऊन आलेल्या माणसाला तो कळायला मार्ग नव्हता. माल दोघांसमोर तोच होता, पण माहिती एकाकडेच होती. आज पेरा, पाऊस, आवक आणि गाठींचे आकडे ज्याच्या हाती आधी येतात तो सौद्यात एक पाऊल पुढे असतो. आपण स्वतः ती यंत्रे चालवू किंवा न चालवू, त्यांची भाषा तरी समजली पाहिजे.

ही यंत्रे आली कोठून

थोडक्यात सांगतो. २००४ मध्ये गूगलच्या जेफ्री डीन व संजय घेमावत यांनी एक पद्धत प्रसिद्ध केली. मोठे काम अनेक साध्या संगणकांना वाटून द्यायचे, प्रत्येकाने आपला वाटा उरकायचा आणि शेवटी सगळ्यांची बेरीज एकत्र करायची. तिच्यावरून डग कटिंग व माईक काफारेला यांनी हडूप तयार केले आणि ते सर्वांना खुले झाले. हडूप हे कटिंग यांच्या मुलाच्या खेळण्यातल्या हत्तीचे नाव. पुढे २००९ मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात मातेई झहारिया यांनी स्पार्क सुरू केले. ते बरेचसे काम तबकडीवर उतरवून न ठेवता स्मृतीतच करते, म्हणून वेगवान आहे.

हडूप आणि स्पार्क दोन्ही फुकट आहेत. मग पैसे कशाचे? दहा-वीस संगणक विकत घेणे, ते जोडणे, त्यातील एक बंद पडला तर त्याचे काम दुसऱ्याकडे देणे, नवी आवृत्ती बसवणे, यासाठी जाणता माणूस आणि भांडवल लागते. ॲमेझॉनने २००९ मध्ये ईएमआर सुरू करून हे सारे भाड्याने द्यायला सुरुवात केली. मायक्रोसॉफ्टचे एचडीइनसाइट २०१३ चे आणि गूगलचे डेटाप्रॉक २०१५ चे. ‘मॅनेज्ड’ याचा अर्थ इतकाच की, जिनचा पट्टा तुटला तर तो बदलण्याची काळजी मालकाची, आपली नव्हे.

मीटर कशावर फिरतो

या बाजारात भाड्याच्या मुख्य रीती दोन आहेत आणि त्यांची एक-दोन मिश्रणे आहेत.

पहिली रीत म्हणजे सबंध जिन तासाने भाड्याने घेण्याची. ईएमआर, डेटाप्रॉक आणि एचडीइनसाइट या तिन्ही सेवा मुळात अशाच. आपण सांगायचे की दहा संगणक हवेत. ते काही मिनिटांत जोडून मिळतात आणि मीटर सुरू होतो. ईएमआरमध्ये संगणकाचे भाडे वेगळे आणि ईएमआरची आकारणी त्याच्यावर. डेटाप्रॉकही तसेच, तेथे प्रत्येक आभासी प्रोसेसरमागे तासाला एक सेंट ही वरची आकारणी आहे. या दोहोंचा मीटर सेकंदावर चालतो आणि किमान आकारणी एका मिनिटाची असते. एचडीइनसाइटचा मीटर मिनिटावर चालतो.

येथे एक मोठी मेख आहे आणि ती विक्रेता सहसा आधी सांगत नाही. यंत्राने काम केले की नाही हे हा मीटर पाहत नाही. ते उभे आहे ना, एवढेच पाहतो. समजा, एका संगणकाचे भाडे तासाला ५० रुपये धरले आणि आपण दहा संगणक घेतले. तीन तासांत हंगामाचा हिशेब निघाला. खर्च १,५०० रुपये. उत्तम! पण मुलगा यंत्रे बंद न करता रमजान ईदच्या सुटीवर गेला आणि चार दिवसांनी परतला. ९६ तासांचे ४८,००० रुपये झाले आणि त्या काळात एकही गाठ मोजली गेली नाही. एचडीइनसाइटमध्ये तर यंत्रे थांबवून ठेवण्याची सोयच नाही. ती पुसून टाकली तरच मीटर थांबतो. ईएमआरची यंत्रेही संपवावीच लागतात, मात्र ठराविक वेळ रिकामी राहिल्यास आपोआप संपावीत अशी अट २०२१ पासून घालता येते. डेटाप्रॉकमध्ये यंत्रे थांबवून ठेवता येतात आणि रिकामी राहिल्यास आपोआप पुसली जाण्याची अटही घालता येते. आमच्या दृष्टीने नवख्या माणसासाठी ही एक अट वेगाच्या साऱ्या जाहिरातींपेक्षा मोलाची आहे.

यंत्रे पुसली तर माल जाणार नाही काय? जिनमध्येच कापूस साठवून ठेवला तर जाईल. म्हणून माल नेहमी गोदामात ठेवावा. ॲमेझॉनचे गोदाम एस-थ्री, गूगलचे क्लाउड स्टोरेज, मायक्रोसॉफ्टचे डेटा लेक स्टोरेज. गोदामाचे भाडे जिनच्या मानाने अगदी थोडे असते. माल कायम गोदामात ठेवावा आणि जिन कामापुरते उभे करून मोडावे. जो सल्लागार हे दोन्ही एकत्र करून देतो त्याला कारण विचारावे.

भाड्यात बचतीचा एक मार्ग ‘स्पॉट’ संगणकांचा आहे. कंपनीकडे रिकामे पडलेले संगणक बऱ्याच स्वस्तात मिळतात, पण दुसऱ्या गिऱ्हाइकाला गरज लागली की काढून घेतले जातात. ॲमेझॉन दोन मिनिटांची सूचना देते, गूगल अर्ध्या मिनिटाची. हंगामातील बदली हमालासारखे हे आहे. सगळे काम त्याच्यावर सोडू नये. मुख्य माणसे कायम भाड्याची आणि वरची भरती या संगणकांची, असे ठेवले तर चालते.

दुसरी रीत क्विंटलमागे मजुरीची. गूगलचे बिगक्वेरी आणि ॲमेझॉनचे अथेना यांत आपण संगणक मागतच नाही. प्रश्न विचारायचा, सेवा तो सोडवते आणि त्यासाठी जेवढी माहिती वाचावी लागली तेवढ्या वजनाचे पैसे घेते. अथेनाचा मूळ दर टेराबाइटला ५ डॉलर आहे. बिगक्वेरीचा अमेरिकेतील दर २०२३ पासून ६.२५ डॉलर आहे. प्रदेशानुसार तो बदलतो. बिगक्वेरीत महिन्याला पहिले एक टेराबाइट मोफत. आपल्या किराणा व्यापाऱ्याच्या दहा वर्षांच्या हिशेबाला दोन गिगाबाइट लागत होते. त्याने तो सबंध हिशेब महिन्यात पाचशे वेळा वाचला तरी मोफतच्या मर्यादेत बसेल! आणि प्रश्न विचारला नाही त्या दिवशी वाचनाचे बिल शून्य, फक्त साठवणीचे भाडे. ईदच्या सुटीची भीती येथे नाही.

मात्र हिची मेख निराळी आहे. समजा, १०० गिगाबाइटचे कोष्टक आहे आणि त्यात वीस रकाने आहेत. केवळ तारीख व वजन हे दोनच रकाने मागितले तर तेवढ्याच रकान्यांचे वजन लागते. ‘सर्व रकाने दाखव’ म्हटले की सबंध १०० गिगाबाइट वाचले जातात आणि ‘पहिल्या दहाच ओळी दाखव’ असे पुढे जोडले तरी साध्या कोष्टकात बिल कमी होत नाही. दहा ओळी पाहिल्या म्हणजे दहा ओळींचे पैसे, असा गैरसमज येथे महाग पडतो. आता हाच प्रश्न कार्यालयातील एका पडद्यावर दर पाच मिनिटांनी आपोआप विचारला जात आहे आणि कोष्टकात सतत नव्या नोंदी पडत आहेत असे धरा. दिवसाला २८८ वेळा, म्हणजे २८ टेराबाइटच्या वर वाचन. वरच्या दराने दिवसाला १८० डॉलरच्या घरात बिल गेले, आणि तेही भिंतीवरचा एक पडदा हलता राहावा म्हणून! उपाय आहेत. कोष्टक तारखेप्रमाणे कप्प्यांत लावून ठेवावे, म्हणजे कालचा हिशेब मागितल्यावर पाच वर्षांचे कप्पे उघडले जात नाहीत. बिगक्वेरीत एका प्रश्नाला कमाल किती माहिती वाचू द्यायची ही मर्यादा घालता येते. ती पहिल्याच दिवशी घालावी.

मिश्रणांपैकी दोन नावे कानावर येतील. स्नोफ्लेकमध्ये मजुरी ‘क्रेडिट’मध्ये मोजतात. यंत्र चालू असेल तेवढ्या सेकंदांचे क्रेडिट कापले जाते, काम नसले की ते आपोआप झोपते आणि प्रत्येक वेळी जागे केल्यावर किमान साठ सेकंदांचे पैसे लागतात. डेटाब्रिक्स ही स्पार्क तयार करणाऱ्या मंडळींनीच २०१३ मध्ये काढलेली कंपनी. तिच्या नेहमीच्या रीतीत कारागिरांची मजुरी डेटाब्रिक्सला आणि यंत्राचे भाडे ॲमेझॉन, गूगल किंवा मायक्रोसॉफ्टला, अशी दोन बिले येतात. कारागीर उत्तम आहेत यात वाद नाही, पण दरपत्रकात एकाच बिलाचा आकडा दाखवला जात असेल तर दुसऱ्याची चौकशी करावी. मायक्रोसॉफ्टचा भर अलीकडे एचडीइनसाइटपेक्षा फॅब्रिक या नव्या सेवेवर आहे. तीत ठराविक क्षमता राखून ठेवून तिचे भाडे द्यायचे असते. ज्याचे काम बारा महिने सारख्या जोराने चालते त्याला राखीव क्षमता परवडते. आपला कापसाचा धंदा हंगामी. ऑक्टोबर ते मार्च धावपळ आणि मे महिन्यात यंत्रावर धूळ, अशा धंद्याने वर्षभराचे राखीव भाडे भरण्यात शहाणपण नाही, असे आम्हांला वाटते.

तेव्हा निवड अशी करावी. प्रश्न अधूनमधून विचारायचे असतील तर वजनावरची सेवा घ्यावी. हंगामात रोज रात्री चार-सहा तासांचे ठरलेले जड काम असेल, जसे सेन्सरच्या नोंदी गाळणे किंवा उपग्रहाची चित्रे जुळवणे, तर तासावरचे जिन, आपोआप मोडण्याच्या अटीसह.

माल बाहेर काढण्याची वाट

जिनिंगमधून निघालेली रुई कोणत्याही सूतगिरणीला चालते. माहितीचे तसे आपोआप होत नाही. ती कोणत्या बांधणीत ठेवली आहे यावर सारे अवलंबून असते. सीएसव्ही किंवा पार्के या खुल्या बांधणीच्या फायली आपल्या गोदामात ठेवल्या तर आज ईएमआर, उद्या डेटाप्रॉक, परवा घरचा संगणक, कोणीही त्या वाचू शकतो. स्पार्कमध्ये लिहिलेले कामही थोड्या फेरफाराने एका कंपनीकडून दुसरीकडे नेता येते. उलट बिगक्वेरी किंवा स्नोफ्लेक यांच्या आतल्या साठवणीत माल भरला की तो बाहेर काढताना आधी खुल्या बांधणीत उतरवून घ्यावा लागतो आणि प्रश्नांची भाषाही थोडी थोडी वेगळी पडते. अशक्य काहीच नाही, पण श्रम आणि पैसा लागतो.

त्यात नाक्यावरच्या जकातीसारखी एक आकारणी आहे. माहिती आत टाकणे सर्वत्र फुकट असते, बाहेर नेताना गिगाबाइटमागे पैसे लागतात. ॲमेझॉन महिन्याला पहिले १०० गिगाबाइट सोडते. २०२४ मध्ये गूगल, ॲमेझॉन व मायक्रोसॉफ्ट या तिघांनीही जाहीर केले की, गिऱ्हाईक कायमचे सोडून जात असेल तर ही आकारणी माफ होईल. युरोपच्या कायद्याचा दाब त्यामागे होता. रोजच्या ने-आणीला मात्र ती लागूच आहे.

परंतु आपल्या भागात खरी अडचण या बड्या कंपन्यांपेक्षा मधल्या माणसाची असते. स्थानिक सल्लागार स्वतःच्या नावाने खाते उघडतो, व्यापारी त्याला महिन्याचे पैसे देतो आणि पाच वर्षांनी दोघांचे बिनसले की लक्षात येते की गोदामाची किल्ली आपल्याकडे कधी नव्हतीच. म्हणून खाते आपल्या फर्मच्या नावाने, आपल्या ईमेलवर आणि आपल्या मोबाइलवर असावे. सल्लागाराला कामापुरता प्रवेश द्यावा, मालकी देऊ नये. गल्ल्याची चावी आपण नोकराला देतो, पण दुकानाचे खरेदीखत त्याच्या नावाने करीत नाही.

माहिती कोठे ठेवली जाते हेही विचारावे. मायक्रोसॉफ्टचे केंद्र २०१५ पासून पुण्यात आहे, ॲमेझॉनचे २०१६ पासून आणि गूगलचे २०१७ पासून मुंबईत आहे. ॲमेझॉनने २०२२ मध्ये हैदराबादलाही दुसरे केंद्र सुरू केले. नवे खाते उघडताना प्रदेश म्हणून बहुधा अमेरिकेचे नाव आधी दिसते, ते बदलून घ्यावे. ज्यांची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे त्यांच्यासाठी हे ऐच्छिक नाही. संगणकावर ठेवलेल्या हिशेबवह्यांची प्रत भारतातील सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवली पाहिजे, असा नियम ऑगस्ट २०२२ पासून आहे. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात, ही गोष्ट तर सर्वांनाच लागू आहे.

शेतकऱ्यांची नावे, मोबाइल, बँक खाती, आधार क्रमांक ही माहिती अडत्याकडे आणि जिनवाल्याकडे ढिगाने असते. ती आपली नव्हे, लोकांची अमानत आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे. ‘मॅनेज्ड’ सेवेत यंत्र कंपनी सांभाळते, पण गोदामाचा दरवाजा कोणासाठी उघडा ठेवायचा हे आपण ठरवतो आणि तो चुकून साऱ्या जगाला उघडा राहिला तर जबाबदारी आपली. हिशेबाला ज्याची गरज नाही ती ओळख, विशेषतः आधार क्रमांक, वर पाठवूच नये.

एकट्याचे काम आणि संघाचे काम

एकट्या दुकानदाराला यातील बहुतेक गोष्टींची गरज नाही हे आकड्यांवरून दिसलेच. अकोटचा सतरंजी विणणारा कारागीर किंवा परतवाड्याचा लाकूड व्यापारी, यांना टॅली किंवा साधी हिशेबप्रणाली आणि तिची दर आठवड्याची वेगळी प्रत पुरेशी आहे. चित्र बदलते ते अनेक जण एकत्र आले तर. तीस-चाळीस जिनिंगनी आपापल्या यंत्रांच्या नोंदी एका जागी आणल्या तर कोणत्या बनावटीचा रोलर किती क्विंटलला झिजतो, कोणत्या भागातील कापसाचा उतारा किती पडतो, वीज कोठे वाया जाते, हे एकट्याला कधीच न दिसणारे हिशेब निघू शकतात. अमरावतीजवळ नांदगाव पेठेत पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी सप्टेंबर २०२४ मध्ये झाली आहे. तेथे मोठे उद्योग आले तर त्यांची यंत्रे अशा नोंदी ठेवणारीच असतील, आणि लहान कारखानदाराला त्यांच्याशी व्यवहार करताना स्वतःच्या नोंदी हाताशी असणे गरजेचे होईल.

स्पर्धक एकत्र आले की पहिली शंका हीच की, माझा खरेदीचा भाव शेजाऱ्याला दिसेल काय? बिगक्वेरी, स्नोफ्लेक आणि ॲमेझॉनचे रेडशिफ्ट या तिन्हींत ज्याच्या त्याच्या ओळी त्यालाच दिसतील अशी बंदी घालता येते. एकूण बेरीज मात्र सर्वांना. ही सोय दाखवल्याशिवाय कोणत्याही संघाने करार करू नये. आणि भाव ठरवण्यासाठी एकत्र माहिती वापरू नये. तसे करणे २००२ च्या स्पर्धा कायद्याखाली गुन्हेगारी टोळके नव्हे तरी संगनमत ठरते आणि दंड जबर आहे.

आपल्या घरांतून बीसीए, एमसीए झालेली मुले-मुली आज कमी नाहीत. त्यांना शिकायला पैसे लागत नाहीत. बिगक्वेरीचा ‘सँडबॉक्स’ कार्ड न देता उघडता येतो. त्यात दहा गिगाबाइट साठवण आणि महिन्याला एक टेराबाइट वाचन मिळते, फक्त कोष्टके साठ दिवसांनी पुसली जातात. डेटाब्रिक्सनेही २०२५ मध्ये शिकणाऱ्यांसाठी फुकट आवृत्ती काढली आहे. इतर कंपन्यांच्या मोफत चाचणीत बहुधा कार्ड मागतात. तेथे खर्चाची सूचना देणारी मर्यादा आधी लावावी. पण लक्षात ठेवावे की गूगलचे ‘बजेट’ केवळ सूचना पाठवते, मीटर स्वतः बंद करीत नाही.

करार करण्यापूर्वी मागील एका हंगामाच्या खऱ्या नोंदी, नावे काढून, दोन सेवांवर चालवून पाहाव्यात. रोजचे पाच प्रश्न दोन्हीकडे विचारावेत आणि एक महिन्याची दोन्ही बिले समोरासमोर ठेवावीत. त्याच महिन्यात सगळी माहिती खुल्या बांधणीत बाहेर काढून घरच्या संगणकावर उघडून पाहावी. किती वेळ आणि किती पैसे लागले ते लिहून ठेवावे. दरपत्रक डॉलरमध्ये असेल तर बिल रुपयांत येणार काय, हेही लेखी घ्यावे. या सेवांवर १८ टक्के जीएसटी लागतो. खाते उघडतानाच फर्मचा जीएसटी क्रमांक नोंदवला तर त्याची वजावट मिळू शकते. तो नंतर नोंदवला तर आधीच्या महिन्यांच्या बिलांसाठी हिशेबनिसाला खेटे घालावे लागतात.